टिचबटणं सुटायला लागली तेव्हा : माझा पेम्फिगसचा अनुभव

२०२२ च्या गणपतीत माझं तोंड आलं. सगळ्यांनी तेच म्हटलं, तोंड आलंय, उष्णता झालीय, जागरणं झालीत. मी कराडला राहते, घरीच शिवणकाम करते आणि गणपती ते दिवाळी हा आमचा सीझन, रात्री एक-एक वाजेपर्यंत मशीनवर बसायचे त्यामुळे मलाही ते पटलं. गुलकंद झाला, सब्जा झाला, खडीसाखर घालून थंड दूध झालं, बी कॉम्प्लेक्सच्या कितीतरी स्ट्रिपा संपल्या, पण डाव्या गालाच्या आतला चट्टा भरायच्या ऐवजी पसरतच चालला आणि दिवाळीपर्यंत हिरड्या, टाळू, जिभेची कड सगळं कच्चं झालं. फोड असा कधी दिसायचाच नाही, कारण तोंडातला फोड आला की फुटतोच आणि खाली राहतं ते सोलवटलेलं लाल मांस. हे आज कळतंय. तेव्हा कुणी विचारलं फोड येतात का, तर मी नाही म्हणायचे.

दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून दिले, त्याच्यानं हिरड्या अजून सोलल्या. मग बुरशीची जेल, मग पित्ताच्या गोळ्या, मग कुणीतरी म्हटलं तंबाखू खाता का, आयुष्यात कधी खाल्ली नाही. एका ठिकाणी दहा दिवसांची स्टिरॉईडची गोळी दिली, कसली ते सांगितलं नाही, तेवढ्या दहा दिवसांत तोंड ऐंशी टक्के भरलं आणि कोर्स संपला की आठवड्यात परत होतं तसं. खरं तर हीच मोठी खूण होती पण ती ना मला कळली ना त्यांना. जेवण म्हणजे मऊ भात, ताक, नाचणीची पेज. भाकरी दुधात कुस्करून रात्रभर भिजवली तरी कड टोचायची. आमच्या घरात कांदा-लसूण मसाल्याशिवाय पान हलत नाही आणि माझ्यासाठी आत्या वेगळं बिनतिखटाचं करायच्या (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई). डिसेंबरपर्यंत माझं वजन ६१ वरून ५४ किलोवर आलं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी पाठीवर, ब्लाऊजची पट्टी घासते बरोबर तिथं, एक फोड आला, सुपारीएवढा, पाण्यानं भरलेला पण ढिला, हात लावला की पाणी इकडून तिकडं सरकायचं. दुसऱ्या दिवशी फुटला. मग छातीवर दोन, काखेत एक, डोक्यात खपल्या. फुटलेली जागा भरेचना, उलट कडेनं कातडी अजून उलगडत जायची. शेजारच्या काकू म्हणाल्या नागीण आहे, गेरू लावा, विळखा पूर्ण व्हायच्या आत उतरवून घ्या. नागीण शरीराच्या एकाच बाजूला उठते आणि ती भयंकर ठणकते, माझं तसं काहीच नव्हतं, पण गेरू लावला. त्या वर्षी हळदीकुंकवाला मी कुणाकडं गेले नाही आणि माझ्याकडंही फारसं कुणी आलं नाही. तीन बायकांनी शिवायला टाकलेले ब्लाऊज परत नेले. एकीनं तोंडावर सांगितलं, राग मानू नको पण घरात लहान बाळ आहे. मी राग मानला नाही, मलाच माहीत नव्हतं की हे लागट आहे की नाही. मी स्वतःच माझ्या लेकीला महिनाभर जवळ झोपू दिलं नव्हतं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, रोज रात्री दाराशी उशी घेऊन उभी राहायची.

शेवटी यांच्या मित्रानं पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं त्वचारोग विभागाचं नाव सांगितलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटेच्या एसटीनं गेलो, मी सीटला टेकून बसू शकत नव्हते म्हणून अख्खा रस्ता पुढं वाकून. तिथल्या मॅडमनी आधी पाठ बघितलीच नाही, म्हणाल्या तोंड उघडा. मग विचारलं, आधी काय झालं, तोंड की अंग? आणि मध्ये किती महिने गेले? मी सांगितलं पाच. त्यांनी मान हलवली आणि फोडाच्या शेजारची चांगली दिसणारी कातडी अंगठ्यानं जरा दाबून सरकवली आणि ती खरंच वरच्यावर सरकली, उकडलेल्या बटाट्याची साल निघते तशी. त्याला निकोल्स्की साइन म्हणतात. दुखलं कमी, घाबरले जास्त.

त्याच दिवशी दोन बायोप्सी. आधी भूल द्यायचं इंजेक्शन, मग बारीक गोल पात्यानं मसुराएवढा तुकडा. एक तुकडा ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या नेहमीच्या द्रावणात. दुसरा मुद्दाम फोडाच्या शेजारच्या न फुटलेल्या कातडीचा, तो वेगळ्या द्रावणाच्या बाटलीत, आणि सिस्टरनी दोनदा तपासलं की बाटल्यांची अदलाबदल झाली नाही ना, कारण दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला तर ती टेस्ट फुकट जाते. त्या टेस्टला डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स म्हणतात, लोक डीआयएफ म्हणतात. रक्त एलायझासाठी गेलं, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी मोजायची टेस्ट. आठ दिवसांनी रिपोर्ट आला आणि पहिल्यांदा त्या आजाराला नाव मिळालं, पेम्फिगस व्हल्गॅरिस.

आता मॅडमनी जे समजावलं ते मी लिहिते कारण पुढचं सगळं मला त्याच्यामुळं सहन झालं. त्यांनी विचारलं तुम्ही काय काम करता, मी म्हटलं टेलरिंग. म्हणाल्या मग सोपं आहे. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी जोडलेल्या असतात. त्या बटणाला डेस्मोसोम म्हणतात आणि बटणाचे जे दोन भाग एकमेकांत अडकतात ते डेस्मोग्लीन नावाचं प्रोटीन. आपली प्रतिकारशक्ती जंतूंविरुद्ध अँटीबॉडी बनवते, तुमच्या शरीरात ती चुकून या डेस्मोग्लीनविरुद्ध बनवायला लागलीय. अँटीबॉडी येऊन बटणाला चिकटते, बटण सुटतं, पेशी सुट्या होतात आणि मधल्या फटीत पाणी भरतं. तो फोड.

मग मी विचारलं की पाच महिने नुसतं तोंडच का? याचं उत्तर ऐकून मी गप्पच बसले. डेस्मोग्लीन दोन महत्त्वाची, १ आणि ३. तोंडाच्या आतल्या अस्तरात जवळजवळ सगळी भिस्त ३ वर असते. अंगाच्या कातडीत दोन्ही असतात, खालच्या थरात ३ जास्त, वरच्या थरात १ जास्त. सुरुवातीला फक्त ३ विरुद्ध अँटीबॉडी असल्या तर तोंड सोलतं पण अंगावर १ सांभाळून घेतं. पुढं १ विरुद्धही तयार झाल्या की अंगाचंही सुटतं. म्हणजे संक्रांतीला पाठीवर फोड आला तो नवा आजार नव्हता, तोच आजार दुसऱ्या बटणापर्यंत पोचला होता. माझ्या एलायझात दोन्ही पॉझिटिव्ह होती, त्या किटवर २० च्या वर पॉझिटिव्ह धरतात, माझं डेस्मोग्लीन ३ होतं १८० च्या वर आणि १ होतं ९४. डीआयएफचा फोटो मॅडमनी कॉम्प्युटरवर दाखवला, काळ्या पार्श्वभूमीवर हिरवं चमकणारं मासे धरायचं जाळं, प्रत्येक पेशीच्या भोवती हिरवी रेघ. ती रेघ म्हणजे माझ्याच अँटीबॉडी, बटणांवर बसलेल्या. मी त्या फोटोकडं किती वेळ बघत होते.

आणि लागट नाही. हे त्यांनी यांच्याकडं बघून तीनदा सांगितलं. हात लावा, जवळ झोपा, एका ताटात जेवा. मुलीला होईल का विचारलं तर म्हणाल्या प्रतिकारशक्तीशी संबंधित काही एचएलए जनुकं असली की कल असतो, पण आईला झाला म्हणून मुलीला होईल असा हा आजार नाही. त्या रात्री कराडला पोचल्यावर लेक माझ्याजवळ झोपली. नीट धरताही येईना, पाठ आणि छाती सोडून कुठं धरायचं ते तिनंच शोधून काढलं, कोपराला धरून झोपली.

उपचार सुरू झाले ते प्रेडनिसोलोन या स्टिरॉईडच्या गोळीनं, ५० मिलिग्रॅम रोज, किलोमागं साधारण एक या हिशेबानं. सोबत कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, पित्ताची गोळी. तोंडासाठी बीटामेथासोनची गोळी दोन चमचे पाण्यात विरघळवून पाच मिनिटं खुळखुळून थुंकायची, गिळायची नाही. तीन आठवड्यांत नवे फोड थांबले. पण स्टिरॉईड स्वतःची वसुली करतं. चेहरा सुजून गोल झाला, रात्री दोनला टक्क जाग, विनाकारण रडू, आणि साखर २६० वर गेली जी आधी कधी नव्हती.

आणि इथं मी एक मोठी चूक केली. एका नातेवाइकांनी दुसऱ्या गावात औषध देणाऱ्या एकाकडं नेलं, त्यानं चेहरा बघून सांगितलं ही इंग्लिश औषधं आजच्या आज बंद, माझी पुडी सुरू. मी थकले होते, बंद केली. यांना चार दिवस सांगितलंही नाही. तिसऱ्या दिवशी उलट्या, उभं राहिलं की अंधारी, आणि सातव्या-आठव्या दिवशी पाठ अशी सोलली की चादर चिकटायला लागली. नंतर कळलं की बाहेरून इतके आठवडे स्टिरॉईड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलंच स्टिरॉईड, बनवायचं कमी करतं आणि गोळी एकदम थांबवली की शरीराकडं दोन्ही नसतं. जीवावर बेतू शकतं. गोळी कमी करायची तर पायरी-पायरीनं, आणि डॉक्टरांनीच. मार्चच्या मध्यावर मला ॲडमिट केलं. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी बंद करावंसं वाटलं तर आधी मला फोन करा, रात्री केला तरी चालेल.

वॉर्डातले ते सोळा दिवस. सिस्टर रोज निर्जंतुक केलेली केळीची पानं अंथरायच्या आणि त्यावर मला झोपवायच्या. कापूस, गॉज, चादर सगळं जखमेला चिकटतं आणि काढताना नवी कातडी घेऊन येतं, केळीचं पान चिकटत नाही, गार राहतं, खाली सरकलं तरी ओरबाडत नाही. ज्या पानावर आपण सणाला जेवतो त्यावर उघड्या पाठीनं झोपायला मिळालं आणि मला दोन महिन्यांनी पहिल्यांदा सलग चार तास झोप लागली. आत्यांनी ते बघून ठेवलं आणि घरी आल्यावर परसातल्या केळीची कोवळी पानं आणायच्या, मधली शीर काढायची, उकळून गार केलेल्या पाण्यानं दोन्ही बाजू धुवायच्या आणि माझ्या पाठीखाली घालायच्या. पंचाहत्तरीची बाई, पहाटे पाचला उठून.

वॉर्डात जखमांमध्ये पू झाला होता, कल्चर करून त्याची अँटिबायोटिक दिली. या आजारात हे मोठं भय असतं, कातडी उघडी आणि वरून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं, त्यामुळं जंतू कधी शिरतील सांगता येत नाही. स्टिरॉईड यायच्या आधीच्या काळात पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावायचे. १९५० च्या दशकात कॉर्टिसोन वापरात आलं आणि माणसं वाचायला लागली. अँटीबॉडीचा पत्ता तर १९६४ मध्ये लागला, ब्युटनर आणि जॉर्डन या अमेरिकेतल्या दोघांनी रुग्णांच्या रक्तात त्या दाखवल्या. म्हणजे माझ्या आत्या शाळेत होत्या तेव्हा हा आजार कशानं होतो हेच माहीत नव्हतं.

शेजारच्या पुरुष वॉर्डात सातारा भागातले एक काका होते, ते दर महिन्याला तीन दिवस येऊन पल्स घ्यायचे. डेक्सामेथासोन हे स्टिरॉईड १०० मिलिग्रॅम सलाइनमधून लागोपाठ तीन दिवस, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबायचं औषध ५००, आणि घरी रोज त्याचीच ५० ची गोळी, असं २८ दिवसांचं चक्र. ही पद्धत आपल्याच देशातली, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरीचा यांनी १९८० च्या दशकात बसवली आणि भारतात कितीतरी लोक तिच्यावर बरे झाले. काका स्वतःच सांगायचे, चौदावं पल्स आहे, शेतावर जातो. मला ते का नको याचं कारण मॅडमनी स्पष्ट सांगितलं, मी ३८ ची, सायक्लोफॉस्फामाइडनं पाळी कायमची जाऊ शकते, आणि मी तशीच साखरेची झालेली.

मग रिटुक्सिमॅब. अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी बी पेशींपासून तयार होतात, बी पेशींच्या अंगावर सीडी२० नावाची खूण असते, हे औषध त्या खुणेला धरून बी पेशी संपवतं. फ्रान्समध्ये ९० रुग्णांवर अभ्यास झाला होता, २०१७ मध्ये छापून आला, रिटुक्सिमॅब आणि थोड्या महिन्यांचं स्टिरॉईड दिलेल्यांपैकी ८९ टक्के लोक दोन वर्षांनी औषधाशिवाय पूर्ण बरे होते, नुसतं स्टिरॉईड दिलेल्यांपैकी ३४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पेम्फिगससाठी त्याला मान्यता मिळाली. यांनी विचारलं खर्च. मूळ औषध आमच्या आवाक्यातलं नव्हतं, पण डॉ. रेड्डीज कंपनीनं २००७ मध्येच त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली आणि नंतर इतरही आल्या. दोन डोस आणि तपासण्या मिळून ७० हजारांच्या आसपास गेले. वॉर्डातल्या सोशल वर्कर ताईंनी सांगितलं की महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला आणा. यांनी तहसीलमध्ये दोन हेलपाटे मारून आणला आणि बेडच्या बिलात चांगली सूट मिळाली. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर दागिना मोडला नसता. ज्यांना गरज आहे त्यांनी ॲडमिट होतानाच विचारा.

आधी तपासण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, टीबीसाठी छातीचा एक्सरे आणि रक्ताची टेस्ट. हिपॅटायटिस बी शरीरात दबून बसला असेल तर रिटुक्सिमॅबनंतर उसळू शकतो म्हणून ती टेस्ट चुकवायची नाही. मग एप्रिलमध्ये पहिला डोस, एक ग्रॅम. अर्धा तास आधी पॅरासिटामॉल, ॲव्हिल आणि स्टिरॉईडचं इंजेक्शन, मग सलाइन अगदी हळू, तासाभरानं थोडं थोडं वाढवत. दुसऱ्या तासाला मला हुडहुडी भरली आणि घसा आवळल्यासारखा झाला, सिस्टरनी लगेच बंद केलं, अर्ध्या तासानं कमी वेगानं परत सुरू केलं, एकूण सहा तास लागले. पंधरा दिवसांनी दुसरा डोस, त्यात काहीच झालं नाही, मी झोपले.

पण लगेच बरं वाटत नाही. दुसऱ्या डोसनंतर तीन आठवड्यांनीही तोंडात दोन नवे चट्टे आले आणि मी घाबरून फोन केला की औषध लागू पडलं नाही वाटतं. मॅडम म्हणाल्या, कारखाना बंद केलाय पण आधी तयार झालेला माल अजून रक्तात फिरतोय. अशी अँटीबॉडी निम्मी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, मग त्याच्या निम्मी व्हायला अजून तीन. वर आधी तयार झालेल्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतं, त्या स्वतःहून संपेपर्यंत थांबायचं. मी कॅलेंडरवर तीन-तीन आठवड्यांच्या खुणा केल्या. दुसऱ्या खुणेपर्यंत काखेतलं भरलं, तिसऱ्या खुणेला पाठ. तोंड सगळ्यात शेवटी, ऑगस्टमध्ये. स्टिरॉईड ५० वरून ४०, ३०, २०, मग पाच-पाचनं, मग अडीच-अडीचनं. साखर स्टिरॉईड उतरलं तशी उतरली. पाठीवर तपकिरी डाग राहिले, पण व्रण एकही नाही, कारण फोड वरच्याच थरात असतो, खालचं कापड शाबूत असतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये हिरडीवर परत एक चट्टा आला. या वेळी मी गुलकंद खाल्ला नाही, चौथ्या दिवशी पुण्यात होते. रक्तात बी पेशी परत दिसायला लागल्या होत्या आणि डेस्मोग्लीन ३ विरुद्धच्या अँटीबॉडीही वाढल्या होत्या. ५०० मिलिग्रॅमचा एक डोस दिला आणि महिन्या-दोन महिन्यांत शांत झालं. त्या वर्षीच्या डिसेंबरात स्टिरॉईडची शेवटची अडीचची गोळी संपली.

गेल्या महिन्यात ब्लाऊज परत नेलेल्या तिघींपैकी एक आली, तिच्या जावेचं तोंड तीन महिने आलंय म्हणून. मी तिला मोबाइलच्या टॉर्चनं तोंड बघू का विचारलं आणि मग म्हटलं नको, माझं बघून काय उपयोग, पुण्याला बायोप्सी करून घ्या, एक तुकडा वेगळ्या बाटलीत टाकायला सांगा. साधं तोंड आलेलं दोन-तीन आठवड्यांत बरं होतं, तीन महिने राहत नाही. ती जाताना ओटीवर एक पिशवी ठेवून गेली, आत तीन ब्लाऊजपीस आणि मापाचा जुना ब्लाऊज होता. एकाला हुक नकोत, टिचबटणं लावा असं चिठ्ठीत लिहिलं होतं.